पद्मजाबाईंचा शिवरस्ता

पद्मजाबाई ओव्हाळ फुशारकी मारून बसल्या, तीही फ्रान्समध्ये, परक्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. आता नारायण पेठेतलं माणूस दुसऱ्या गावात जाऊन आपल्या गावाविषयी गप्प बसल्याचं कुणी ऐकलंय का? बसवतच नाही. समोरच्याने कितीही प्रेमाने आपलं काही दाखवलं, तरी "हो, छान आहे, पण आमच्याकडे..." हे तोंडातून निघणारच.

झालं होतं असं. बाईंची मुलगी निकिता फ्रान्सच्या मध्यभागातल्या एका खेड्यात राहते आणि घरबसल्या कुठल्याशा कंपनीचं काम करते. तिच्याकडे बाई दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. शेजारी सिमोन नावाची सहासष्ट वर्षांची बाई. उभा जन्म तिने सायकलवरून टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावरही सायकल सोडली नाही, फक्त टपाल सोडलं. या सिमोनने पद्मजाबाईंना एक जास्तीची सायकल दिली, जाड टायरची, खडीवर चालणारी, आणि रोज कुठे ना कुठे फिरवून आणलं. जुन्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी बारीक खडी पसरलेले रस्ते, कालव्याच्या कडेचे, रानातले, द्राक्षमळ्यांमधले. एका दिवशी पंचेचाळीस किलोमीटरमध्ये त्यांना एकच ट्रॅक्टर भेटला, तोही बाजूला थांबला आणि चालवणाऱ्याने टोपी उचलून नमस्कार केला. पद्मजाबाईंना आधी वाटलं, आपल्या कानांना काही झालंय. मग लक्षात आलं की तीन तासांत एकही हॉर्न ऐकलेला नाही. त्या चक्क रडल्या.

त्याच रात्री जेवताना निकिताने विषय काढला. "आई, बघितलंस ना? सायकल चालवायची तर इथे येऊन चालव. पुण्यातली विकून टाक."

याला कारण होतं. आदल्या वर्षी बायपासवर पाण्याचा एक टँकर बाईंना घासून गेला होता. डावा पाय मोडला, सहा आठवडे प्लॅस्टर. बाई त्याला 'थोडंसं लागलं' म्हणत, निकिता त्याला 'आई गेली असती' म्हणे. दोन्ही खरं होतं. पण सायकल म्हणजे बाईंचा जीव की प्राण. निवृत्तीनंतर त्या एका सायकलीवर त्यांनी सिंहगडाचा पायथा, थेऊर, जेजुरी सगळं पालथं घातलं होतं. ती विकायची म्हणजे उरलेलं आयुष्य गॅलरीत बसून खालच्या स्कूटर मोजायच्या.

म्हणून त्या ताठ बसून म्हणाल्या, "आमच्या पुण्यातही आहेत असे रस्ते. पेठेतल्या गल्ल्या संपल्या की थेट भुलेश्वराच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, पन्नास किलोमीटर. मोटारींचा रस्ता नुसता ओलांडायचा, त्यावरून चालवायचं म्हणून नाही."

निकिताने हे मुद्दाम शब्दन् शब्द फ्रेंचमध्ये सांगितलं. सिमोनने हातातला काटा खाली ठेवला आणि म्हणाली, डिसेंबरमध्ये मी येते, माझी सायकल घेऊन.

"मीही येते," निकिता म्हणाली. "आई, तू म्हणतेस तसा रस्ता निघाला तर सायकलीबद्दल परत एक शब्द काढणार नाही. नाही निघाला तर त्याच दिवशी विकायची. कबूल?"

"कबूल," पद्मजाबाई म्हणाल्या. खरी गोष्ट अशी होती की असा रस्ता आहे की नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पण तो कुठे शोधायचा हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेहतीस वर्षं त्यांनी भूमी अभिलेख खात्यात जमीन मोजली होती. नोकरीला लागल्या तेव्हा तालुक्यात बाई म्हणून मोजणीला येणाऱ्या त्या एकट्याच. गावात गेलं की आधी "साहेब कुठंयत?" विचारलं जाई, मग आडनाव विचारलं जाई, आणि आडनाव कळलं की पाण्याचा तांब्या यायला उशीर लागे. बाईंनी कधी तांब्याची वाट पाहिली नाही. बाटली घरून नेत आणि मोजणी अशी चोख करत की भांडायला आलेले दोघेही हात चोळत परत जात.

तर त्यांना माहीत होतं की जुन्या गाव नकाशांवर तुटक रेषांच्या जोड्या असतात. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, दोन म्हणजे बैलगाडीची वाट. आणि दोन गावांच्या हद्दीवरून, म्हणजे शिवेवरून, जाणारी ती वाट म्हणजे शिवरस्ता. डांबरी रस्ते झाले तशा या वाटा लोक विसरले, पण कागदावरून त्या कुणी पुसलेल्या नाहीत. मोटारी नव्हत्या तेव्हाचे रस्ते जोडत गेलं तर मोटारी नसलेला रस्ता मिळेल, इतकं साधं गणित.

ऑगस्ट ते नोव्हेंबर बाईंनी दुसरं काही केलं नाही. स्वारगेटच्या पुढून कालव्याच्या कडेने बाहेर पडायचं हे ठरलंच होतं. पुढे जिथे कालव्याच्या कडेला डंपर धावतात तिथून एकेक वाट त्यांनी नकाशात पाहून, मग सायकलवर जाऊन तपासली. कुठे वाटेवर गोठा उभा होता, कुठे कुणी कुंपण घातलं होतं, एका ठिकाणी तर मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर निघालं. मग मागे फिरायचं, दुसरी जोडरेघ धरायची. त्यांचे यजमान, अनिरुद्धराव, संध्याकाळी दार उघडताना विचारत, "काय, आज किती किलोमीटर रस्ता सापडला नाही?" बाई सरळ आंघोळीला जात. पण नोव्हेंबरच्या अखेरीस अठ्ठेचाळीस किलोमीटर जुळले होते. उरला होता एकच तुकडा, डोंबेवाडी आणि बोरखुंटे या दोन गावांमधला शिवरस्ता, जेमतेम दीड किलोमीटर.

आणि इथेच बाई फसल्या. तो तुकडा त्यांनी तपासलाच नाही. कारण डोंबेवाडीची ती मोजणी चौऱ्याण्णव साली त्यांनी स्वतः केलेली, नकाशाखाली सही त्यांची. दुसऱ्या प्रत्येक मोजणीदाराच्या कामावर त्यांनी संशय घेतला, स्वतःच्या कामावर कसा घ्यायचा? उपग्रहाच्या चित्रात तिथे हिरवा पट्टा दिसत होता. बाईंनी तो पाहिला आणि मनाशी म्हणाल्या, वाटेच्या कडेची झाडं वाढलेली दिसतायत.

डिसेंबरातल्या एका रविवारी उजाडता उजाडता तिघी निघाल्या. पुढे पद्मजाबाई, मध्ये सिमोन, मागे भाड्याच्या सायकलवर निकिता. अनिरुद्धरावांनी गुळपोळ्या बांधून दिल्या आणि जाताना लेकीला म्हणाले, "गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. काळजी करू नकोस." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने आत गेले.

आणि काय सांगावं, पहिले पस्तीस किलोमीटर बाईंनी जिंकले. कालव्याच्या कडेला धुकं होतं, पाण्यावर बगळे होते, म्हशी होत्या. हडपसर मागे पडल्यावर शहर गळून पडलं. सिमोन सारखी थांबून फोटो काढत होती. सोलापूर रस्ता त्यांनी खालच्या मोरीतून ओलांडला, वर ट्रकांचा गडगडाट आणि खाली या तिघी वाकून सायकली ढकलतायत. ज्वारीच्या शेतांमधल्या पाणंदीने जाताना सिमोनने दोन्ही हात सोडून आरोळी ठोकली. निकिताच्या चेहऱ्यावरची ती समजूतदार काळजी कुठेतरी मागे राहिली होती. पद्मजाबाईंना ते दिसत होतं आणि त्यांना आतून उकळ्या फुटत होत्या.

डोंबेवाडीच्या विहिरीपाशी वाट वळली आणि संपली. समोर ऊस. डोक्याच्या वर दोन हात, गच्च, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पद्मजाबाई सायकलवरून उतरल्या. त्यांनी फोनवरचा नकाशा पाहिला, ऊस पाहिला, परत नकाशा पाहिला. आपण झाडं समजलो तो हाच ऊस. स्वतःच्या सहीवर भरवसा ठेवून आपण तोंडघशी पडलो, तेही लेकीसमोर आणि पाहुणीसमोर, याची त्यांना इतकी लाज वाटली की मागे वळून बघवेना.

उसाच्या एका बाजूला तोड चालू होती, कोयते सपासप चालत होते. पन्नाशीतला एक धट्टाकट्टा माणूस तिथून आला. मागे विहिरीजवळच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती, तीही बघू लागली. हा माणूस म्हणजे उसाचा मालक हिंदुराव, आणि म्हातारी त्याची आई, शकूबाई.

"कुठं चाललाय म्हनायचं?" हिंदुरावाने विचारलं.

"बोरखुंट्याला. शिवरस्त्याने," बाई म्हणाल्या.

"हितं रस्ता नाय. कदी नव्हता. डांबरीनं जावा, नऊ किलोमीटर पडंल."

डांबरी म्हणजे डंपरचा रस्ता. डांबरी म्हणजे सायकल गेली. बाईंनी फोन पुढे केला. "अहो, हा बघा नकाशा. या दोन तुटक रेघा. ही मोजणी मी केलीय, चौऱ्याण्णव साली. या विहिरीचे तेव्हाचे मालक हजर होते, तुमचे वडीलच असणार."

हिंदुरावाने नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, कागदावर काय बी असतंय. दावा की जागेवर."

"दाखवते," पद्मजाबाई म्हणाल्या. "शिवेचा दगड तुमच्या उसात आहे. या विहिरीपासून सरळ पूर्वेला एकशे साडेबारा मीटर. दगडापासून रस्ता."

मोजायला फीत नव्हती. पण मोजणीदाराला फीत लागत नाही, त्याचं पाऊलच फीत असतं. दोन पावलांना दीड मीटर, तेहतीस वर्षं बाईंचं पाऊल कधी चुकलं नव्हतं. त्यांनी विहिरीला पाठ लावली, चालू लागल्या आणि दहाव्या पावलाला थांबल्या. प्लॅस्टर काढल्यापासून डावा पाय आखूड पडत होता. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आता दीडशे पावलं म्हणजे किती मीटर, त्यांचं त्यांना सांगता येईना.

मग कधी नव्हे ते आवाज खाली आणून म्हणाल्या, "निकिता, माझं पाऊल गेलंय गं. तू चाल."

निकिताने सायकल विहिरीच्या कठड्याला टेकवली. लहानपणी दर रविवारी सारसबागेत जमिनीवर फीत अंथरून आईने तिला पाऊल टाकायला शिकवलं होतं. इतर मुली भेळ खायच्या, ही पावलं टाकायची. ती विद्या तिच्या पायांत अजून होती. पण तिला करायचं काय होतं? पाच-दहा पावलं कमी चालली असती तर दगड मिळाला नसता, आणि सायकल त्याच संध्याकाळी विकली गेली असती. गेलं वर्षभर तिला हेच तर हवं होतं.

तिने विहिरीला पाठ लावली. फोनमधल्या होकायंत्रावर पूर्व धरली आणि ती उसात शिरली. मागून बाई, त्यांच्यामागून हातांनी पाचट सारत सिमोन, आणि काय होतंय ते बघायला हिंदुराव. "एक, दोन, तीन..." निकिता मोठ्याने मोजत होती, उसाची पानं तिच्या दंडांवर ओरखडे काढत होती. वाटेत सरी आडवी आली तरी तिने पाऊल लांबवलं नाही की आखडलं नाही. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एकोणपन्नास. एकशे पन्नास.

तिथे नुसतं पाचट होतं.

"झालं समाधान?" हिंदुराव म्हणाला.

निकिता खाली वाकली. तिने पाचट उपसायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, उकिरडा उकरावा तशी. हातभर खाली तिची नखं कशावर तरी घासली. "आई!" ती ओरडली. "आई, आहे! आहे गं!"

काळा, गुडघ्याएवढा घडीव दगड होता. एका अंगाला शेंदराचा जुना थर, आणि बुडाशी नारळाच्या करवंटीचे कुजलेले तुकडे. पद्मजाबाईंनी दगडावर हात ठेवला. आपण चुकलो नव्हतो! रस्ता होता, तो इथेच होता, आणि तो लेकीने शोधून दिला होता. त्यांना नाचावंसं वाटलं, पण उसात जागा नव्हती.

हिंदुराव मात्र बधला नाही. उसातून परत बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रानात धोंडे असत्यातच. म्हनून काय रस्ता झाला व्हय?"

आता सिमोनला राहवेना. तिने निकिताला काहीतरी विचारलं. निकिता हिंदुरावाला म्हणाली, "या बाई टपाल वाटायच्या. त्या विचारतायत, पूर्वी इथलं टपाल त्या गावात कुठून जायचं?"

उत्तर ओट्यावरून आलं.

"ह्याच वाटंनं!" शकूबाईने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "पोस्टमन सायकलवरनं यायचा, ह्याच वाटंनं. आन पोस्टमनचं काय घिऊन बसलीस बाई, मी कुठनं आले? आमचं वऱ्हाड सात गाड्यांचं. माज्या बानं त्या दगडावर नारळ फोडला, मग गाड्या शीव वलांडून हिकडं आल्या. शीव वलांडताना नारळ फोडल्याबिगर नवरी पुढं येत नाय. हिंदू, तुज्या लग्नात फोडला का नाय? सांग की!"

हिंदुराव पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याचीही बायको बोरखुंट्याचीच होती. "फोडला," तो म्हणाला. "पर आये, तवाची गोष्ट निराळी."

"काय निराळी? वीस वर्सं झाली तू ऊस लावलास त्याला. वीस वर्सं मी माज्या भावाच्या दारात पायानं गेले नाय. डांबरीनं कोन नेतंय मला? तुला येळ नाय, पोराला येळ नाय. हितनं माज्या माहेराचा पिंपळ दिसायचा, तो बी उसाआड गेला. मी काय बोलले का तुला कदी?"

तोडणारे कोयते थांबले होते. पद्मजाबाईंच्या मनात आलं की आता कायदा सांगावा, शिवरस्ता अडवता येत नाही, तहसीलदार एका अर्जावर मोकळा करून देतात. पण हिंदुरावाचा चेहरा पाहून त्यांनी ते सगळं गिळलं. आईने मनात एवढं साठवलंय हे त्याला आजच कळत होतं.

तो वळला आणि तोडणाऱ्यांच्या मुकादमाला हाक मारली. "ए! तिकडचं ऱ्हाऊ दे आता. हितनं घ्या. इहिरीपास्नं धरून सरळ त्या धोंड्यापत्तुर, आन तिथनं शिवंशिवंनं बांधापत्तुर. गाडी जाईल येवढं मोकळं करा."

मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. बारा कोयते एका ओळीत लागले. निकिता आणि सिमोन तोडलेला ऊस ओढून कडेला रचू लागल्या, पद्मजाबाई पुढे उभ्या राहून हद्द दाखवू लागल्या. "डावीकडे नको, ते बोरखुंट्याचं रान! सरळ या, सरळ!" त्यांचा आवाज तीस वर्षांपूर्वीसारखा घुमत होता. मुकादम त्यांना 'साहेब' म्हणू लागला. दीड तासात उसातून आरपार उजेड आला आणि पलीकडे बोरखुंट्याचा पिंपळ उभा दिसला. सिमोन टाळ्या वाजवत सुटली. हिंदुरावाने पहिल्यांदाच हसून रसाचा ऊस सोलून तिच्या हातात दिला.

निकिता घामाने निथळत आईजवळ आली. "आई, मी हरले," ती म्हणाली. "सायकल चालव. पण पाय आखूड पडतोय हे लपवलंस ना, त्याचा मला राग आलाय. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ," बाई म्हणाल्या. आणि मग, तोंडातून सहसा न निघणारं वाक्य निघालं. "तू नसतीस तर मला दगड सापडला नसता. तू खोटं पाऊल टाकलं नाहीस गं."

"शिकवलंस कुणी?" निकिता म्हणाली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली, पाचट आणि चिखलासकट.

भुलेश्वराचा पायथा तिथून तेरा किलोमीटर होता आणि तो त्यांनी ऊन कलायच्या आत गाठला, एकदाही मोटारींच्या रस्त्याला न लागता. पायथ्याशी काढलेला फोटो सिमोनने तिच्या खेड्यातल्या सगळ्यांना पाठवला. अनिरुद्धरावांनी त्याच फोटोखाली लिहिलं, "गिऱ्हाईक परत पाठवलं." पण बाई आता ही सफर कुणाला सांगतात तेव्हा भुलेश्वराचं सांगतच नाहीत. त्या सांगतात ते असं.

उसातली वाट मोकळी झाल्यावर सायकली उचलून तिघी निघणार, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. शकूबाई ओट्यावरून उतरली होती. डोक्यावरचा पदर सारखा केलेला, पायात वहाणा.

"थांबा," ती म्हणाली. "पयली मी."

तिघींनी सायकली बाजूला घेतल्या. पद्मजाबाईंनी म्हातारीचा हात धरला, तिनेही तो घट्ट धरून ठेवला. उसाच्या खोडव्यांमधून, सरींवरून, शहात्तर वर्षांची शकूबाई एकेक पाऊल टाकत चालली आणि तिच्या मागून सायकली ढकलत निकिता, सिमोन आणि सगळ्यांत शेवटी मान खाली घातलेला हिंदुराव. दगडापाशी ती थांबली, हात जोडले आणि शीव ओलांडून पुढे झाली. पद्मजाबाईंनी आयुष्यात हजारो जमिनी मोजल्या होत्या. त्यांनी मोजलं की लोक भिंती घालत, तारा ओढत, एकमेकांना कोर्टात खेचत. त्यांच्या मोजणीवरून कुणी घरी निघालंय, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

पिंपळाखालच्या घराच्या पडवीत एक म्हातारा बाजेवर पडला होता. शकूबाईचा धाकटा भाऊ. सायकली, गोरी बाई, एवढी मंडळी बघून तो गडबडून उठून बसला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून बघू लागला.

"कोन हाय? कुठनं आलाय?"

शकूबाईने पद्मजाबाईंचा हात सोडला, कंबर जमेल तेवढी सरळ केली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आरं मी हाय, शकू! शिवरस्त्यानं आले! चालत आले!"